सातबारा ते साडेबारा : नवी मुंबईच्या जमिनीचं प्रकरण

हार्बर लाइनची गाडी वाशीचा खाडीपूल ओलांडते तेव्हा डब्यातल्या घोषणेकडे नीट कान द्या. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ. ठाण्याच्या फाट्यानं गेलात तर तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. ही आगरी-कोळ्यांची गावं आहेत आणि शहर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथेच आहेत. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की मात्र सेक्टरांचे आकडे सुरू होतात. गावाचं नाव स्टेशनाला मिळालं आणि गावाची जमीन सेक्टरला गेली.

त्या जमिनीचं हे प्रकरण. आकडे थोडक्यात असे : ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातली जवळजवळ निम्मी जमीन खासगी मालकीची, बाकीची सरकारी जमीन, मिठागरं आणि खाजण, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी दलदल. १९७० पासून या सगळ्यावर एक नवं शहर वसवायचं ठरलं आणि ते वसलंही. नवी मुंबईचे रुंद रस्ते, स्टेशनांच्या इमारती, पाणीपुरवठा यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते कौतुक रास्त आहे. इथे एकच धागा धरून शेवटपर्यंत जायचं आहे. ज्यांच्या शेतावर शहर उभं राहिलं, त्यांना शहराच्या वाढीत वाटा कधी मिळाला? वाटा किती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली ‘किती’मध्ये नाही, ‘कधी’मध्ये आहे.

खारातली शेती

या पट्ट्यातली बरीचशी शेती खार जमिनीत होती. खाडीच्या भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालायचा आणि त्यात ठराविक जागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. ओहोटी लागली की आत साठलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब झडप बाहेर ढकलतो आणि शेतातलं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढली की खाडीच्या पाण्याचा रेटा तीच झडप घट्ट मिटवून टाकतो. रात्री-अपरात्री तिथे कुणी उभं राहावं लागत नाही. बांध फुटला तर मात्र अख्खा गाव धावतो, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भात धड येत नाही.

पीक एकच, पावसाळी भाताचं. पण घर एका भातावर चालत नव्हतं. खाडीत निवटी, चिंबोरी, कोळंबी मिळायची. उन्हाळ्यात मिठागरावर काम असायचं. आगरात राबणारा तो आगरी, अशीच या नावाची व्युत्पत्ती सांगतात. जरा उंचावरच्या गोड्या जमिनीत भात काढल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचे आणि थंडीत त्याच वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची. हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे भरपाई ठरली ती सातबाऱ्यावरच्या जमिनीची. खाडी, मीठ आणि मजुरी यांचा सातबारा नसतो. मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारी बाई, डोंगराच्या पायथ्याचा कातकरी यांचं उत्पन्न याच जमिनीवर उभं होतं, पण जमिनीच्या हिशोबात ते कधी आलंच नाही.

आणखी एक गोष्ट नवी मुंबईच्या इतिहासात फारशी कुणी सांगत नाही. ही जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊन फार दिवस झाले नव्हते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात (आजचा रायगड, पनवेल आणि उरण त्यातच) खोती आणि सावकारी होती. कूळ राबायचं आणि अर्धेलीचं भात खोताच्या खळ्यावर मोजून द्यायचं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी जमीन कसायलाच नकार दिला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो संप शेतकऱ्यांच्या लढ्यांत आजही मानानं सांगितला जातो. पुढे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ धरून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं.

मग १९७० साली नव्या शहरासाठी संपादनाची अधिसूचना निघाली. म्हणजे ज्या घरांत कूळ कायद्यानं जमीन आली होती, तिथे सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लागून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. खोताला भात मोजून दिलेली पिढी अजून हयात होती. त्या पिढीनं ‘जमीन सरकारला द्या’ हे शब्द कसे ऐकले असतील, हे या तेरा वर्षांवरून समजतं. पुढच्या विरोधाला ‘अडाणी शेतकऱ्यांचा विकासाला विरोध’ म्हणणाऱ्यांनी हे साल एकदा मनाशी धरून पाहावं.

जमीन हेच भांडवल

मुंबई लांबट बेट. वाढायला जागा फक्त उत्तरेला, आणि कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला. सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला. १९६४ च्या सुमारास वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी मांडलं, की मुंबईला आडवं वाढू द्या, खाडीपलीकडे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या समितीनंही मुंबईवरचा भार विखुरण्याच्या बाजूनं मत दिलं. मग प्रादेशिक नियोजन मंडळ आलं आणि १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली सिडको, स्थापन झाली. कोरिया आणि पटेल दोघेही सुरुवातीच्या काळात सिडकोत होते. लक्ष्य होतं २० लाख वस्तीचं, एकाच मध्यवर्ती गर्दीऐवजी अनेक नोड, म्हणजे छोटी-छोटी उपनगरं असलेलं शहर.

पैसा कुठून आणायचा? सरकारनं सिडकोला सुरुवातीचं भांडवल दिलं ते ४ कोटींच्या आतलं. एवढ्यात ३४४ चौरस किलोमीटरचं शहर होत नाही. म्हणून कल्पना अशी लढवली, की सगळी जमीन एकगठ्ठा आधीच ताब्यात घ्यायची, शेतीच्या भावानं. मग भराव, रस्ते, पाणी, गटारं करायची. तोच भूखंड शहरी भावानं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्यायचा आणि मधली वाढ पुन्हा शहरावरच खर्च करायची. जमीन हेच भांडवल.

ही कल्पना मला चांगली वाटते, आणि आजही तिची बाजू घ्यावीशी वाटते. जमिनीचा भाव वाढतो तो मालकानं काही केलं म्हणून नाही, तर शेजारून रस्ता आणि रेल्वे गेली म्हणून. ती वाढ दलालाच्या खिशात जाण्याऐवजी समाजाच्या कामी यावी, यात चूक काय? ही कल्पना नसती तर काय झालं असतं ते डोंबिवली, भाईंदर, दिवा इथे दिसतंच. शेताचे तुकडे पडतात, इमारती आधी होतात आणि गटार नंतर शोधावं लागतं. सिडकोनं याच वाढीच्या जोरावर रेल्वे आणली. मानखुर्दहून वाशीला लोकल १९९२ मध्ये आली, आणि या मार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोनं उचलला, रेल्वेनं ३३ टक्के. देशात लोकल रेल्वेसाठी असं घडणं विरळा.

पाण्याचं कामही बघण्यासारखं आहे. वाशी-नेरूळचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतो. सगळीकडे उंच भराव घालायचा तर माती आणि पैसा दोन्ही पुरले नसते. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी तलावात साठतं, खाडीच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा, ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी बाहेर जातं. हॉलंडहून आलेलं हे तंत्र म्हणजे हुबेहूब खारातली उघाडी. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या बांधात जे करत होता, तेच काँक्रीटमध्ये झालं. आज या तलावांत गाळ भरला आहे, तिवरं वाढली आहेत, तिवरं तोडायला न्यायालयाची बंदी आहे आणि गाळ काढण्यावरून वर्षानुवर्षं घोळ चालू आहे. वाशी पावसात तुंबते तेव्हा बांध-उघाडीची निगा राखणारं गाव आठवल्याशिवाय राहत नाही.

एवढ्या चांगल्या कल्पनेत भगदाड एकाच ठिकाणी होतं. शहराच्या जमाखर्चात शेतकरी फक्त खर्चाच्या रकान्यात होता. त्याची जमीन हे भांडवल, पण तो भांडवलदार नाही, भागीदारही नाही. एकदा मोबदला दिला की त्याचं खातं बंद. वाढ समाजाची, हे तत्त्व मान्य केलं तरी ‘समाजात’ तो शेतकरी येतो की नाही, हा प्रश्न मूळ आराखड्यात पुरेशा गांभीर्यानं विचारलाच गेला नाही.

घेतलेली जमीन, थांबलेलं शहर

संपादन झालं ते १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं. त्यातली एक तरतूद नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळं दुखणं तिथून सुरू झालं. भरपाई ठरायची ती जमिनीच्या पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावानं. निवाडा, म्हणजे भरपाईचा अंतिम आदेश, पाच वर्षांनी होवो की दहा वर्षांनी, भाव मात्र पहिल्या तारखेचा. इथे पहिली तारीख होती फेब्रुवारी १९७० ची, बहुतेक गावांसाठी. म्हणजे शेतकऱ्याची जमीन १९७० च्या भातशेतीच्या भावात गोठली, आणि शहराचा भाव दर वर्षी चढत राहिला.

त्यात शहरानंही वेळेत वेग घेतला नाही. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ ला झाला. पण ज्या कचेऱ्या खाडीपलीकडे येणार होत्या त्या आल्या नाहीत. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून आणखी कचेऱ्या झाल्या. बेलापूरला कोकण भवन आलं, पण राज्याचा कारभार आला नाही. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये मुंबईहून वाशीला हलवला, त्यानंतर खऱ्या अर्थानं ट्रक आणि माणसं येऊ लागली. लोकल तर त्यानंतर अकरा वर्षांनी.

याचा परिणाम गावात कसा दिसत होता, ते डोळ्यांसमोर आणा. जमीन कागदोपत्री गेलेली. काही ठिकाणी पैसे उचललेले, काही ठिकाणी नाकारलेले. पण समोर शेत तसंच पडलेलं, गवत वाढलेलं, बांध फुटलेले, कारण आता बांध कुणी बांधायचा? शेती करू नये तर पोट कसं भरावं, करावी तर जमीन आपली नाही. दोन-दोन दशकं अशी गेलेली गावं आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याआधीच साठच्या दशकात एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या होत्या. तिथे निदान कारखाने तरी उभे राहिले होते आणि काहींना नोकऱ्या मिळाल्या होत्या.

जासई, जानेवारी १९८४

हा असंतोष दि. बा. पाटलांनी संघटित केला. दिबा मूळचे उरण तालुक्यातल्या जासईचे, व्यवसायानं वकील, शेतकरी कामगार पक्षाचे. पनवेलमधून आमदार, कुलाब्यातून खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. त्यांच्या मागणीचं वेगळेपण असं होतं, की ती फक्त ‘भाव वाढवा’ एवढ्यावर थांबत नव्हती. भाव तर हवाच, पण विकसित झालेल्या जमिनीचा हिस्साही परत हवा. शेत घेता, तर शहरात जागा द्या. सिडकोच्या मूळ आराखड्यात जे भगदाड होतं, त्यावर या शेतकरी नेत्यानं अचूक बोट ठेवलं होतं.

उरण भागात न्हावा-शेवा बंदराचं काम येऊ घातलं होतं आणि सिडकोची संपादनं चालू होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई परिसरात हजारो शेतकरी, त्यांत बायकाही मोठ्या संख्येनं, जमीन मोजणीच्या आणि ताब्याच्या विरोधात उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. दर जानेवारीत जासई आणि पागोटे इथे त्यांना अभिवादन होतं. नवी मुंबईच्या बाहेर राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न पडतो. पाठ्यपुस्तकात हे शहर नियोजनाचा नमुना म्हणून येतं, हे पाच जण येत नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रानं भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली. सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के जादा रक्कम ठरली आणि निवाड्याला दोन वर्षांची मुदत आली. गोठलेल्या भावाचं दुखणं देशभर होतं, हेच यातून दिसतं.

नवी मुंबईसाठी निर्णय यायला आणखी सहा वर्षं गेली. मार्च १९९० मध्ये साडेबारा टक्के योजनेचा शासन निर्णय निघाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. ज्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या, मोबदला उचलला होता, त्यांनाही संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळणार होता. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणालाही पुढे जमीनमालकांना साडेबारा टक्के परतावा द्यावा लागला. एका आंदोलनातून आलेलं सूत्र राज्यभर परिचयाचं झालं.

एका एकराचा हिशोब

‘साडेबारा टक्के’ हा शब्द या भागात नातेवाइकाच्या नावासारखा घरोघरी बोलला जातो. तेव्हा तो हिशोब एकदा करून बघू.

समजा, एक एकर जमीन गेली. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६ चौरस मीटर. यातून रस्ते, शाळा, मैदानं अशा सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के कापले जातात. हातात राहतात साधारण ३५४ चौरस मीटर, म्हणजे मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के. त्यावर दीड एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या दीडपट, ५३१ चौरस मीटर बांधकाम. त्यातलं १५ टक्के व्यापारी वापराला, म्हणजे ८० चौरस मीटरच्या आसपास गाळे. आणि हा प्लॉटही भाडेपट्ट्यावर, मालकी सिडकोची.

तरीही हा हिशोब वाईट नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नेरूळ किंवा खारघरला ३५४ मीटरचा प्लॉट म्हणजे आजच्या भावात कुटुंबाची दोन पिढ्यांची सोय. शेतकऱ्याला पहिल्यांदाच शहराच्या वाढत्या भावात वाटा मिळाला. मग समाधान का नाही?

कारण मधे गेलेली वीस वर्षं. १९७० साली सातबाऱ्यावर एका म्हाताऱ्याचं नाव होतं, असं धरा. १९९५ मध्ये प्लॉटची पाळी आली तेव्हा म्हातारा नव्हता. त्याचे चार मुलगे, तीन मुली, एका वारलेल्या मुलाची बायको आणि मुलं असे दहा-बारा वारस झाले. जमीन एकरभर असती तर निदान वाटणीला ३५४ मीटर तरी, पण दहा गुंठेवाल्याच्या वारसांना मिळून वाट्याला येतात ८८ मीटर. त्यासाठी वारस दाखला, बहिणींची हक्कसोड पत्रं, न्यायालयातला एखादा दावा, सिडकोच्या खिडकीवर पात्रतेची फाइल, सोडतीची वाट. एवढं करायला पैसा लागतो आणि वेळ लागतो. शेत गेलेल्या घराकडे दोन्ही नव्हतं.

इथे तिसरा माणूस आला. त्यानं कागदपत्रांचा खर्च उचलला, मुलीच्या लग्नाला उसने दिले, आणि बदल्यात प्लॉट मिळण्याआधीच प्लॉटचा हक्क लिहून घेतला. सिडको, शेतकरी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार हे नंतर नेहमीचं कामकाज झालं. करंजाडे, कामोठे, उलवे इथे फिरलात तर लहान-लहान प्लॉटवर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींच्या रांगाच्या रांगा दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा साडेबाराच्या. तळमजल्यावर गाळे, म्हणजे ते १५ टक्के. प्लॉट आपल्याच गावालगत मिळेल असंही नव्हतं, कारण वाशी-नेरूळच्या बाजूची चांगली जमीन एव्हाना विकली गेली होती. काही शेतकऱ्यांनी स्वतः बांधलं, भाडं घेतलं आणि त्यांची मुलं आज चांगली उभी आहेत, हेही तितकंच खरं. पण वीस वर्षं आधी प्लॉट हातात असता तर तो विकायची निकड किती जणांना पडली असती? जमिनीच्या वाढीव भावातून दलालाला दूर ठेवायचं म्हणून ही सगळी योजना आखली होती. उशीर झाला आणि तो दलाल मागच्या दारानं आत आला.

हाच प्रश्न दुसऱ्या पद्धतीनंही सुटला असता, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सतीश मगरांच्या पुढाकारानं आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. अर्थात ४०० एकर आणि ३४४ चौरस किलोमीटर यांची बरोबरी होत नाही. तिथे एका भावकीचा पट्टा, एकच नेतृत्व आणि दारात आलेली मागणी होती. पण शेतकरी पहिल्या दिवसापासून भागीदार असला तर पुढचे झगडे किती कमी होतात, हे तिथे दिसतं.

गावठाणाची भिंत

सेक्टरमधून गावात शिरण्याचा रस्ता नेरूळ, सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे, कुठेही सारखाच असतो. पंधरा-वीस मीटरचा रस्ता, झाडं, सोसायटीचं फाटक, आणि एक वळण घेतलं की दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी गल्ली. चार मजली घरं, वर सूर्य दिसत नाही. खाली सुकटीचा वास, ओट्यावर म्हाताऱ्या आजी, गल्लीच्या टोकाला गावदेवीचं देऊळ. देवळासमोर मात्र जागा मोकळी ठेवलेली असते, जत्रेची आणि पालखीची.

गल्ली अशी का झाली? १९७० साली गावाभोवतीची सगळी शेतजमीन संपादनात गेली आणि गावठाणाची हद्द जिथल्या तिथे राहिली. कोणत्याही गावात मुलगा वेगळा झाला की घर बांधायला परड्यात किंवा कडेच्या शेतात जागा असते. इथे कडेचं शेत सिडकोचं झालं. कुटुंब तर वाढणारच. मग लोकांनी घराशेजारी, संपादित पण मोकळ्या पडलेल्या जमिनीवर घरं बांधली. या भागात त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि सरकारी कागदावर ती अनधिकृत बांधकामं ठरतात. पुढे घरापुरत्या गरजेची जागा भाड्याच्या खोल्यांनी घेतली, मग बाहेरच्या बिल्डरांनी गावातल्या नावावर पाच-सहा मजले चढवले. खरी गरज आणि धंदा यांची सरमिसळ झाली, आणि तोडायला येणारा बुलडोझर दोघांत फरक करत नाही. ही घरं नियमित करण्यासाठी एकामागून एक शासन निर्णय निघाले, गावठाणापासून किती मीटरपर्यंत धरायचं यावर वाद झाले, अजून होतात. गावठाण विस्तार आणि साडेबाराचे प्लॉट १९७५ पर्यंत हातात आले असते, तर यातली निम्मी घरं आराखड्यात, रस्त्यासकट, उभी राहिली असती असं मला वाटतं.

महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत ११ लाख २० हजारांच्या आसपास लोक होते. या गर्दीत मूळ गावकरी मूठभर झाले. सीवूड्स स्टेशनाच्या नावाला दारावे जोडून घ्यावं लागलं, ते यासाठीच.

साडेबारा, साडेबावीस, चाळीस

नवी मुंबई विमानतळाच्या वेळी शासनानं आधीचा धडा काही अंशी घेतला. सुमारे १,१६० हेक्टरच्या या प्रकल्पासाठी उलवे, कोपर, तरघर, चिंचपाडा, वाघिवली अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. पण २०१४ च्या पॅकेजमध्ये संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, वर घरासाठी वेगळा भूखंड आणि बांधकामाचा खर्च असं ठरलं. नव्या गावाचा आराखडा आधी आणि स्थलांतर नंतर, असा क्रम निदान कागदावर तरी आला. गाव सोडताना देव हलवावे लागले, शाळा हलली, खाडीवरची मासेमारी सुटली, आणि त्याचा मोबदला टक्क्यांत बसला नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. त्याआधी जून २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, सिडको भवनाला घेराव पडला. २०२२ मध्ये राज्य सरकारनं तसा ठराव केला. नावासाठी एवढी माणसं रस्त्यावर का आली, हे जासई माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही.

विमानतळाभोवतीच्या गावांसाठी २०१३ मध्ये ‘नैना’ हे क्षेत्र अधिसूचित झालं, नियोजन पुन्हा सिडकोकडे. इथे पद्धतच बदलली. सक्तीचं संपादन नाही. नगररचना परियोजनेत शेतकऱ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते-मैदानं आखायची आणि मूळ मालकाला ४० टक्के जमीन भूखंडरूपानं परत द्यायची. साडेबारावरून चाळीसवर यायला वीसहून जास्त वर्षं लागली. कागदावर तरी शेतकरी पहिल्यांदा सुरुवातीपासून योजनेत आहे.

पण नैनाच्या गावांतही विरोध आहे. विकासाच्या खर्चापोटी शेतकऱ्यावर लावायच्या रकमेवरून मोर्चे निघाले, ६० टक्के जमीन जाते तिचं काय, असं विचारलं गेलं. आणि अधिसूचनेला दहा वर्षं उलटून गेली तरी आखलेले पुष्कळसे रस्ते शेतातच आहेत. शेतकऱ्याला घर बांधायचं असेल तर परवानगी अडते, कारण त्याच्या गटावरून रस्ता जातो, आणि रस्ता कधी होणार ते ठरलेलं नाही. पनवेलकडच्या गावांत जमिनीवर बोलणं निघालं की साडेबारा आणि चाळीस यांची तुलना होते, पण गाडी लगेच दुसऱ्याच प्रश्नावर येते. ताबा कधी?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत अशा घरांतले तरुणही असतात, ज्यांच्या आजोबांनी उरण-पनवेलमध्ये १९७० नंतर वीस वर्षं हेच विचारलं होतं.